वाकायचं, पन सोडायचं न्हाई

खर्डा, ता. जामखेड
२० जानेवारी १९७३

रोझे,

रामराम. जित्ती हायेस का गं? दिवाळीला पत्र टाकलं, त्याचं उत्तर न्हाई. इंग्लंडात नर्स झालीस म्हनून खर्ड्याची चांगुणा इसरलीस व्हय? नगरच्या मिशनच्या शाळेत माझ्या डब्यातला ठेचा खाऊन नाकाडोळ्यातनं पानी काढायचीस, ते तरी ध्यानात ठेव.

हिकडं औंदा सगळं कोरडं ठाक. गावाबाहेर सरकारनं पाझर तलावाचं काम काढलंय. आमी बाया मातीच्या पाट्या वाहतो. माझं मालक गोरक्ष जामखेडच्या रस्त्यावर खडी फोडायला जात्यात. कामावरच झाडाखाली पाळनं बांधल्यात, तिथं माझी सासू झुंबरबाई समद्यांची तान्ही पोरं सांभाळती. तिचा आवाज तलावाच्या त्या कडंपातूर जातो. पोरं भिऊनच झोपत्यात.

तुझ्याकडं एक काम हाय. आमच्या शाळेच्या पोरी हुतूतू खेळत्यात. उन्हाळ्यात काष्टीला बाजारतळावर बायांचे सामने भरनार हायती. टँकर एकच दिवस मिळनार, म्हनून समदे सामने एका दिवसात उरकायचे, अन् एकेक सामना नेहमीच्या निम्म्यानं बारका. पोरींना शिकवनारं कुनी न्हाई. शाळेत तू खेळायचीस तेव्हा मोठ्या पोरी तुझ्या वाऱ्याला उभ्या राहत न्हवत्या. शिवाय तू मागं लिहिलं हुतंस, चेंडूच्या कुठल्याशा दांडगाईत हातपाय मोडलेले गडी तुझ्या वॉर्डात येत्यात. मानूस कुठं धरला म्हंजे पडतो हे तुला ठावं असनार. तेवढं लिहून धाड.

तुझी,
चांगुणा

---

हडर्सफील्ड, इंग्लंड
६ फेब्रुवारी १९७३

प्रिय चांगुणे,

सलाम. तुझी शिवी पोचली. जिवंत आहे, प्रभूच्या कृपेने बरीही आहे. पण खरं सांगू? ड्यूटी, खोली, पुन्हा ड्यूटी. तीन हिवाळे गेले, तरी या गावातल्या चार रस्त्यांपलीकडे मी काही पाहिलेलं नाही. पत्र लिहायला बसलं की रडू येतं, म्हणून बसत नाही. आता तुझ्या त्या ठेच्याने रडवलंस, ते चांगलं केलंस.

तू म्हणतेस त्या दांडगाईला इथे रग्बी लीग म्हणतात. भोपळ्यासारखा लांबट चेंडू काखेत मारून पळायचं आणि समोरच्यांनी त्याला आडवा पाडायचा. मला त्या खेळाचा मनस्वी राग आहे. शनिवारी ते खेळतात आणि रविवारी आम्ही निस्तरतो. मी एकही सामना पाहिलेला नाही आणि पाहणारही नाही.

तुझ्या शाळेच्या पोरींना मात्र सांगते: रोज सकाळी एक पेला दूध, जमलं तर एक अंडं. पहाटे शेताच्या बांधावरून पळायचं. नखं कापायची, वेण्या घट्ट बांधायच्या. खेळाआधी रात्री लवकर झोपायचं. त्यांच्या आयांना सांग की खेळाच्या दिवसांत घरकाम लावू नका. वय काय गं त्यांचं? बारा-तेरा?

तुझी,
रोझी

---

खर्डा
२५ फेब्रुवारी १९७३

रोझे,

एक पेला दूध! अगं बये, हितं टँकरमागं हंडं घेऊन पळतो, तेच आमचं पहाटेचं पळनं. अंडं घालनारी कोंबडी कवाच पाव्हन्यांच्या पोटात गेली. तुझं पत्र मी कामावर वाचून दाखवलं, तर बाया पाट्या टाकून हसल्या. ‘त्यांच्या आयांना सांग’ म्हनल्यावर मालनबाई म्हनली, माझी आई मरून धा वर्सं झाली, आता कुनाला सांगू?

तर आता खरं ऐक. शाळेच्या पोरी-बिरी कुनी न्हाईत. खेळनाऱ्या आमीच हाओत. मी खोटं लिहिलं, कारन एकतीस वर्सांची बाई लुगडं खोचून हुतूतू खेळती म्हनल्यावर तू हसशील असं वाटलं. मालनबाईला चार लेकरं. छबूबाईचं लगीन होऊन अजून वरीस न्हाई, तिच्या हातातला चुडा वाजतो. बाकीच्याबी अशाच, सगळ्या सुना. दुपारच्या सुट्टीत तलावाच्या भुसभुशीत मातीत एकदा गंमत म्हनून रेघ मारली, अन् त्या दिसापासनं दुपार कधी हुती ह्याचीच वाट बघतो.

का खेळते सांगू? दिसभर मी दुसऱ्याच्या हुकमानं चालते. मुकादम म्हनंल तिकडं माती, सासू म्हनंल तिकडं पानी. त्या रेघेपलीकडं गेलं की माझा पाय माझा असतो. कुठं टाकायचा ते मी ठरवते. लई बरं वाटतं गं. पोटात काय नसलं तरी बरं वाटतं.

पन गावात बोभाटा झाला. सुनांचे घरवाले, सासरे, दीर, समदे तावातावानं बोलाय लागले. शेवटाला माझ्या सासूनंच निकाल लावला. चारचौघांत म्हनली, “काष्टीला एकदा जाऊ द्या त्यास्नी. जिंकून आल्या तर खेळू द्या. हरून आल्या, तर ह्या सातजनींतल्या एकीनंबी परत पदर खोचायचा न्हाई.” समद्यांनी माना डोलावल्या. तिला वाटतंय, आमी हरनार, अन् बिनभांडनाचं मिटनार. लई हुशार हाय म्हातारी.

तवा आमाला हरून चालायचं न्हाई, रोझे. पेलाभर दुधाची गोष्ट सोड, कामाचं लिही.

तुझी,
चांगुणा

---

हडर्सफील्ड
१४ मार्च १९७३

चांगुणे, अगं चांगुणे,

हसले. पोट दुखेपर्यंत हसले, आणि मग उठून कोट चढवला आणि गेले! कुठे? त्याच दांडगाईला!

झालं असं की आमच्या हॉस्पिटलच्या मदतीसाठी इथल्या मैदानावर एका दिवसाचे रग्बी लीगचे सामने होते. एरवी एका बाजूला तेराजण असतात. या छोट्या सामन्यांत किती असावेत? सात! अगदी आपल्या हुतूतूसारखे सात. आणि सामना असा आटोपशीर की चहा निवायच्या आत संपावा. माझ्या वॉर्डात हात गळ्यात बांधलेला एक कोळशाच्या खाणीतला गडी आहे. त्याला विचारलं, तर म्हणाला, “सिस्टर, ऐकून काही कळायचं नाही. जाऊन बघ.” म्हणून तुझ्यासाठी गेले.

आता नीट वाच, सगळ्यांना वाचून दाखव.

एक संघ नुसत्या ताडमाड गड्यांचा होता. सगळ्यांना वाटत होतं की हेच जिंकणार. त्यांनी आपला सगळ्यात भारी गडी शेवटच्या सामन्यासाठी राखून ठेवला आणि पहिल्याच सामन्यात घरी गेले! छोट्या खेळात मागून भरून काढायला वेळच नसतो, चांगुणे. जे काय आहे ते पहिल्या दमालाच टाकायचं. उद्यासाठी ठेवलेलं तिथेच नासतं.

जिंकले ते खाणीतले. बुटके, बाक आलेले, दिसायला अगदी किरकोळ. पण दोन सामन्यांच्या मध्ये ते सरळ गवतावर आडवे होऊन घोंगडी ओढून घेत. बाकीचे छाती काढून फिरत होते, पोरींशी बोलत होते. आणि पंचाने काही दिलं नाही तर खाणीतल्यांतला एकही तोंड उघडत नव्हता. मुकाट आपल्या जागेवर. पलीकडचे हातवारे करत होते तोवर यांनी पुढचा डाव मारलेला असे.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ते कुणाच्या छातीला भिडतच नव्हते. आडदांड गडी धावत आला की हे खाली वाकून सरळ त्याच्या पायांना मिठी मारत. दोन्ही हातांनी घोटे आवळायचे, गाल त्याच्या पोटरीला लावायचा आणि डोळे मिटून धरून राहायचं. केवढाही मोठा असो, पाय गेले की झाड पडल्यासारखा पडायचा. तुमच्या बायांनाही हेच शिकव. वर धरू नका, खाली धरा.

मी काय केलं माहीत आहे? शेवटच्या सामन्यात मी बाकावर उभी राहून मराठीत ओरडत होते, “घोटा धर! अरे घोटा धर, सोडू नको!” शेजारच्या म्हाताऱ्याने मला आपल्या थर्मासमधला चहा दिला. तीन वर्षांत या गावात पहिल्यांदा मला थंडी वाजली नाही.

तुझी,
रोझी

---

खर्डा
५ एप्रिल १९७३

रोझे,

तुझं पत्र तीनदा वाचलं, मग बायांनी आनखी दोनदा वाचाय लावलं. खाणीतल्या गड्यांची गोष्ट आली की मालनबाई म्हनती, ते आपल्यातलेच हायती.

घोट्याची गोष्ट ऐकल्यावर माझ्या डोक्यात लख्ख परकाश पडला. म्हनलं, बायांनो, आपल्याला हे शिकवाय नको! लगीन झाल्यापासनं आपन दुसरं काय केलंय? सासू आली वाक, मामंजी आलं वाक, चुलत सासू, मावस सासू, नागपंचमीला वाक, संक्रांतीला वाक. एवढी सवय त्या खाणीतल्यांना तरी असंल का? तवा कुनीबी अंगावर आली तर सासूच्या पाया पडतो तसं वाकायचं, पन सोडायचं न्हाई.

झालं. दुपारी मी चढाई केली, छबूबाईच्या अंगावर गेले. पोरगी अशी झकास वाकली म्हनतेस! दोन्ही हात बराबर माझ्या घोट्यावर. मी पडनारच, तेवढ्यात तिनं हात काढला अन् आपल्या कपाळाला लावला! नमस्कार करून मोकळी! मी रेघेपल्याड जाऊन उभी राहिले तरी ही हात जोडूनच. एकटी तीच न्हाई गं. मालनबाई, बाकीच्या, समद्यांचं तेच. पाय धरला की हात आपसूक कपाळाकडं जातो. सवयीनं आमाला वाकाय शिकवलं अन् सवयीनंच सोडायबी शिकवलं. हसून हसून मेलो, मग मला रडूच आलं. आता रोज एकमेकींचे घोटे धरून बसतो, अन् दुसरीनं कितीबी हिसकं दिलं तरी सोडायचं न्हाई, असं चाललंय. छबूबाईचा हात तरीबी मधीच वर जातो.

सासूचं ध्यान आमच्यावरच असतं. पाळना हलवती अन् डोळं हिकडं. काल परवापासनं आमच्या मातीतले खडे कुनीतरी येचून टाकतंय, मुकादमाचं काम असंल. अन् म्हातारीनं घरात गूळ-शेंगदान्याचे लाडू करून डब्यात कुलपात ठेवल्यात. ह्या दुष्काळात गूळ कुठनं आनला देव जाने. पोरांनी मागितला तर हात झटकला. मला ठावं हाय कुनासाठी ठेवल्यात ते.

आता खरी पंचाईत सांगते. शुगर फॅक्टरीच्या वसाहतीतल्या बायांचा संघ काष्टीला येनार हाय. निळे शर्ट, रोज पोटभर जेवनाऱ्या. अन् त्यांची म्होरकी कोन असंल? माझी ननंद पुष्पावती! माझ्या सासूची एकुलती एक लेक. तिच्यासाठीच लाडू. लाडकी लेक जिंकावी अन् सून हरावी, म्हातारीचं दोन्ही बाजूंनी साधतंय. सामने बघायला सोता येनार हाय, ट्रकमधी पुढं बसून.

वन्संसमोर मी आजवर मान वर करून बोलले न्हाई. तिचे पाय मी नमस्काराला धरल्यात, तेबी बोटांनी. माझा हात वर गेला तर?

तुझी,
चांगुणा

---

हडर्सफील्ड
१६ एप्रिल १९७३

चांगुणे,

हे पत्र सामन्याआधी पोचावं अशी प्रार्थना करून टाकते आहे.

पुष्पावती तुझ्याच कोपऱ्यात येणार, हे लक्षात ठेव. ती तुला ओळखते. तिला ठाऊक आहे की तू तिच्या पायाला हात लावून सोडशील. शहाणा खेळाडू दुबळ्या जागी जातो, आणि तिच्या मते तू तिचा मान राखतेस हीच तुझी दुबळी जागा आहे. तो मान घरी राख. सामना संपल्यावर तिला दहा नमस्कार कर. रेघेच्या आत ती फक्त दोन पाय आहे.

आणि एक विचारू? मुकादम कधीपासून वाकून खडे वेचायला लागला? मी नर्स आहे. रोग्याच्या तोंडावरून नाही, हातावरून ओळखते की त्याला काय होतंय. मला वाटतं की तू तुझ्या सासूचं तोंडच बघते आहेस.

इथे मी आता दर शनिवारी मैदानावर जाते. तो थर्मासवाला म्हातारा जागा धरून ठेवतो. परवा मी माझ्या वॉर्डातल्या मुलींना तुमची गोष्ट सांगितली. सगळा वॉर्ड खर्ड्याच्या बाजूने आहे, प्लॅस्टर घातलेलेसुद्धा.

तुझी,
रोझी

---

खर्डा
२ मे १९७३

रोझे! माझे सोन्यासारखे रोझे!

जिंकलो! जिंकलो गं बये, जिंकलो!

पैल्यापासनं सांगते. न्हाईतर तू म्हनशील, मधलं खाल्लं.

पहाटं ट्रकमधनं निघालो. आंग खिळखिळं झालं, तरी बाया गानी म्हनत हुत्या. काष्टीचा बाजारतळ जनावरांवाचून रिकामा पडलेला, अन् त्यावर चुन्याच्या रेघा मारलेल्या. निम्मा तालुका बघाय लोटला हुता. आमची जुनेरी लुगडी बघून कुनीतरी म्हनलं, “ह्या खेळायला आल्यात का पाट्या टाकाय?” मालनबाई म्हनली, “आधी तुला टाकतो, मग पाट्या.”

पैल्या सामन्यात मी काय राखून ठेवलं न्हाई. पंचानं शिट्टी मारली अन् मी सोताच चढाईला गेले, दोघींना शिवून आले. समोरच्या अजून पदरच खोचत हुत्या. पन आपल्या छबूबाईनं घोळ घातलाच. त्यांची एक पोक्त बाई चढाईला आली, छबूनं घोटा धरला, अन् सगळ्या काष्टीदेखत कपाळाला हात! लोकांचा हशा. छबू रडकुंडीला आली. मी म्हनलं, मुकाट जागेवर जा, वेळ न्हाई. कसाबसा एका गुनानं सामना निघाला.

मग तुझ्या खाणीतल्यांसारखं बाभळीखाली वाकळ टाकून आडव्या झालो. निळ्या शर्टवाल्या लोकांत मिरवत हुत्या. अन् तेवढ्यात कोन आलं असंल? सासू. हातात डबा. कुलूप काढलं, अन् एकेकीच्या तळहातावर लाडू ठेवला. पैला छबूबाईच्या. म्हनली, “खा. अन् आता कुनाच्या पाया पडशील तर माझ्याच पड, मी देते आसिरवाद. हितं फकस्त धरायचं.” मी म्हनलं, आत्या, हे वन्संसाठी न्हवतं का? म्हनली, “तिला फॅक्टरीत साखर हाय. तुमाला खडे टोचू नयेत म्हनून माती येचून येचून माझी नखं गेली, तवा कुठं हुतीस तू?”

रोझे, तू हातावरून वळखलं हुतंस. मी सात वर्सं त्या बाईचं तोंडच बघत बसले गं.

लाडू पोटात गेल्यावर दुसरा सामना झाला तो खेळ न्हवता, वादळ हुतं. छबूनं तिघींना एकटीनं झोपवलं. एकदाबी हात वर गेला न्हाई.

शेवटाला फॅक्टरीवाल्या. काय खेळत्यात सांगू! आमी एक गुन काढला की त्या एक काढत्यात. पंचानं एकदा आमच्यावर अन्याव केला, लोक बोंबलले, पन आमी सातीजनी मुक्या. बराबरीत आलं, अन् अगदी शेवटची चढाई उरली. त्यांची. पुष्पावती आली.

तू म्हनलीस तशीच. सरळ माझ्या कोपऱ्यात. तोंडानं दम चालू, अन् डोळ्यानं माझ्याकडं अशी बघती की जनू आत्ताच टांग्यातनं माहेरी उतरलीय अन् मी पान्याचा तांब्या घेऊन गेलेय. तिचा पाय माझ्या पुढ्यात आला. मी वाकले. दोन्ही हातांनी घोटा आवळला, गाल पोटरीला लावला. अन् रोझे, शप्पथ सांगते, माझा उजवा हात ढिला पडला. सोताहून. सात वर्सांची सवय गं ती.

तेवढ्यात रिंगनाच्या कडंनं आवाज आला. जो तलावाच्या त्या कडंला जातो, तो आवाज.

“चांगुणे! सोडू नगंस! माझी आन हाय तुला!”

पोटच्या लेकीच्या इरुद्ध, सगळ्या तालुक्यादेखत, उभी राहून! मी डोळं मिटलं अन् असं धरलं, असं धरलं, की मेले असते तरी सुटलं नसतं. वन्सं हिसकं देतीय, फरपटवतीय, माझं तोंड मातीनं भरलं. मग मालनबाई येऊन पडली, छबू येऊन पडली, अन् वन्संचा दम तुटला. पंचाचा हात आमच्याकडं वर गेला.

नंतर काय झालं नीट सांगता येत न्हाई. छबूबाईचा निम्मा चुडा फुटला तरी ती नाचत हुती. मालनबाई काष्टीच्या अनोळखी बाईच्या गळ्यात पडून रडली. आमाला ढाल दिली, ती ट्रकमधी आमी आळीपाळीनं मांडीवर घेतली, तान्ह्या पोरावानी.

तू सांगितल्यापरमानं खेळ झाल्यावर मी वन्संकडं गेले अन् नमस्काराला वाकले. तर ती बया दोन पावलं मागं उडाली! “नको वयनी, नको! लांबनंच कर! तू पुन्यांदा धरशील!” मग दोघीबी खाली बसून हसलो. जाताना म्हनली, फॅक्टरीतल्या बायांना ही पकड शिकवाय ये. मी म्हनलं, आधी सात वर्सं सासुरवास करा म्हनावं.

गावात वाजतगाजत नेलं. ज्या सासऱ्यांनी माना डोलावल्या हुत्या, तेच हलगीवाल्याच्या पुढं. चावडीसमोर सासू म्हनली, “माझा सबूद मी पाळते. आता ह्या खेळतील. ज्याला बघवत न्हाई त्यानं दुपारी पाळने हलवायला यावं.” एकबी आला न्हाई.

घरी आल्यावर मी तिच्या पाया पडाय वाकले. तर पाय पुढं करून म्हनती, “धर. घट्ट धर. बघू दे मला सुटतो का.” मी म्हनलं, आत्या, ह्या वयात? म्हनली, “धर म्हनते न्हवं!” मालक भाकरी हातात धरून बघत राहिलं.

मी धरला. म्हातारीनं असं हिसकं दिलं, असं हिसकं दिलं, चुलीपासनं उंबऱ्यापातूर मला फरपटत नेलं. अन् वर हसतीय, डोळ्यातनं पानी गळतंय.

सोडला न्हाई गं मी.

तुझी,
चांगुणा